बाकावर बसवलेल्या ताईस लेखी खुलासा

लिहून देणार मी, आपला धाकटा भाऊ. नाव आपणांस ठाऊक आहे (पाटीवर ते प्रथम आपणच गिरवून घेतले होते आणि जोडाक्षर चुकल्याबद्दल कानही आपणच धरला होता). इमारतीत लहानथोर मला नाना म्हणतात. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर पूर्ण. शिक्षण इयत्ता चौथी, उत्तीर्ण. धंदा: पूर्वी एका मोठ्या कचेरीत मोठ्या साहेबांच्या दालनाबाहेर पट्टेवाला, पुढे मुख्य पट्टेवाला, सध्या निवृत्त. राहणार मुलाच्या घरी (मुलगा सर्वांना "नानांच्या घरी" असे सांगतो, दोन्ही नोंदवणे योग्य वाटते). कोणाच्याही दडपणाखाली नसताना, चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत खालील खुलासा लिहून देतो.

तीर्थस्वरूप ताईंच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. आपला उजवा गुडघा कसा आहे? डाव्याने त्याचे अनुकरण तर सुरू केले नाही ना? नवा चष्मा नाकावर बसला की अद्याप घसरतो? येथे सर्व कुशल आहे. माझी प्रकृती वयाच्या मानाने उत्तम असून दात मोजके पण कामसू आहेत, आणि ऐकू अगदी स्वच्छ येते. (हे शेवटचे पुढील मजकुराच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे.) पत्रात आपणांस "आपण" लिहीत आहे, याचा राग नसावा. हा घरगुती कागद नसून खुलासा आहे, आणि खुलाशात कोणी कोणास "तू" म्हणत नाही.

आपण मुलीकडे कायमच्या राहावयास परदेशी निघाला आहात आणि जाण्यापूर्वी माझा निरोप घेण्यास त्या दुपारी आला होतात, हे मला मान्य आहे. आपणांस आमच्या इमारतीच्या प्रवेशद्वारातील बाकावर बसून राहावे लागले व अखेर न भेटता परत जावे लागले, हेही मान्य आहे. त्यावर आपण माझ्या मुलाला फोनवरून जे बजावलेत, ते त्याने मला जसेच्या तसे सांगितले: "तुझ्या बापाला म्हणावं, मला दारात का बसवलं ते लेखी दे. मग बघू यायचं की नाही ते." आपल्या प्रयाणाचा दिवस जवळ आल्यामुळे हा खुलासा टपालाने न पाठवता मुलाच्या हाती देत आहे. मात्र कारण समजण्यासाठी सूनबाईचा धंदा समजणे आवश्यक आहे, म्हणून तेथून आरंभ करतो.

आमची सूनबाई घरी बसून संगणकाचे काम करते. ते काम काय, हे मला बरेच दिवस समजले नव्हते. (मुलास विचारले असता तो "तिलाच विचारा" म्हणे, नवराबायकोत एवढा विश्वास पूर्वी नव्हता.) शेवटी एका रविवारी तिने स्वयंपाकघरातून तीन डबे आणले व समजावून दिले. मोठा डबा म्हणजे खरे यंत्र, लोखंडाचे, जागा अडवणारे. त्याच्या पोटात दुसरे यंत्र, जे नाही पण आहे असे भासवले जाते. त्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आणि त्या नसलेल्या यंत्राच्या पोटात तिसरे, तेही नसलेलेच. मी विचारले, असे नसलेल्याच्या पोटात नसलेले कशासाठी? ती म्हणाली, "नाना, भाडेकरू पोटभाडेकरू ठेवतो ना, तसं." हे मला तत्काळ पटले. पुढे ती म्हणाली की गंमत अशी, सर्वांत आतल्याला पत्ताच नसतो. त्याला वाटते आपणच खरे यंत्र, सगळा कारभार आपल्याच हुकुमाने चालला आहे. हे वाक्य बोलताना तिने माझ्याकडे का पाहिले आणि मुलगा ताटात का पाहू लागला, ते मला कळले नाही. (तिसऱ्या डब्याचे झाकण कधीच नीट बसत नाही. त्या झाकणाचा संबंध पुढे येतो.)

आता घंटेविषयी. यंत्र कामात असताना बाहेरून कोणी काही आणले, कळफलकावरचे अक्षर असो वा तारेवरून आलेला निरोप, की एक घंटा होते. तिच्या धंद्यात त्या घंटेस इंटरप्ट म्हणतात. घंटा सर्वांत आतल्यासाठी असली तरी ती पडते बाहेरच्या खऱ्या यंत्रावरच, कारण दार त्यालाच आहे. बाहेरचा हातातले काम थांबवतो, घंटा कोणाची ते पाहतो आणि मधल्याकडे देतो. मधला ती आतल्याला अशी देतो की जणू आतल्याच्याच दारावर वाजली. आतला काम उरकून "झाले" म्हणतो, आणि तो "झाले" सुद्धा कित्येकदा असाच पायरीपायरीने बाहेर न्यावा लागतो. आतल्याने नाजूक कामासाठी घटकाभर कान बंद केले असतील, तर मधल्याने घंटा जपून ठेवायची आणि कान उघडताक्षणी द्यायची.

ताई, हे ऐकून माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. हे तर माझे काम! साहेबांच्या टेबलाखाली बटण, माझ्या डोक्यावर दिवा व घंटा. आलेल्यास बसवणे, साहेबांचा नूर पाहणे, योग्य क्षणी आत जाऊन "अमुक भेटावयास आले आहेत" असे सांगणे. सबंध नोकरीत माझ्या हातून एकही घंटा हरवली नाही. आणि सूनबाईचे दुखणे नेमके तेच होते. तिच्या यंत्रांत कधीमधी एखादी घंटा मधल्यामध्ये नाहीशी होई. बाहेरचा म्हणे, मी दिली. मधला म्हणे, तेव्हा आतल्याचे कान बंद होते, मी नियमाप्रमाणे ठेवून घेतली. आतला म्हणे, माझ्याकडे काही आलेच नाही. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "नाना, तिघंही खरं बोलतात, हाच तर वैताग आहे." (कचेरीत तिघेही खोटे बोलत, तो प्रकार निस्तरणे सोपे असे.)

त्यात घरच्या घंटांनी तिला भंडावून सोडले होते. जरा चित्त लागले की दार वाजे. तेव्हा घरातील वडीलधारा या नात्याने मी व्यवस्था हाती घेतली. आमच्या घराची रचना आपण पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. इमारतीच्या प्रवेशद्वारात वॉचमन बसतो; त्याच्याजवळून आमच्या घरात बोलण्याचा फोन आहे. घरात शिरल्यावर बैठकीची खोली, तिच्या आत सूनबाईच्या कामाची खोली, आणि तिच्या आत, तिच्यातूनच वाट असलेली, माझी. म्हणजे डब्यात डबा. सकाळी मी बैठकीत बसून सूनबाईच्या घंटा घेई. दुपारी मी आत विश्रांतीस गेलो की माझ्या घंटा सूनबाईने घ्यावयाच्या. नियम असे केले की कोणीही आले तरी पहिली घंटा वॉचमनने घ्यावी व येणाऱ्यास लगेच "पोचले" असे सांगावे, म्हणजे तो पुन्हा पुन्हा वाजवणार नाही. त्या न बसणाऱ्या झाकणास एका अंगाने तांबडा व दुसऱ्या अंगाने हिरवा रंग देऊन ते दाराला टांगावे, सकाळी तिच्या, दुपारी माझ्या. आणि झाकण तांबडे असताना दार ठोठावू नये, घंटा आपल्याजवळ ठेवावी. मी हे वॉचमनला उभे करून समजावले. तो म्हणाला, "नाना, नियम तुम्ही सांगितलेत, पगार कोण सांगणार?" (हा मनुष्य कामास बरा आहे, पण त्याला शिपायाची शिस्त ठाऊक नाही.)

आरंभी किरकोळ अडचणी आल्या, त्या लपवत नाही. नळ दुरुस्त करणारा आला असता झाकण तांबडे होते. वॉचमनने त्याला "पोचले" म्हणून सांगितले. त्या गृहस्थाने त्याचा अर्थ काम पोचले असा घेतला व तो घरी गेला. नळ अजून गळतो, पण आता आम्हांला त्याच्या आवाजाची सवय झाली आहे. दुसरे, सूनबाई पडद्यावर दहा माणसांशी बोलत असताना झाकण हिरवे होते (ती तांबडे करण्यास विसरली होती; दोष नियमाचा नव्हे). मी शर्टाची बटणे लावून आत गेलो, ताठ उभा राहिलो व म्हणालो, "पार्सल भेटावयास आले आहे. आत सोडू?" पडद्यावरील दहाही जण माझ्याकडे पाहू लागले. त्यांतील तिचे साहेब, भले गृहस्थ, म्हणाले, "सोडा." मी पार्सल आत सोडले. पार्सलात माझेच पायमोजे निघाले, ते तिने सर्वांसमक्ष उघडले. त्या रात्री मुलाने मला जेवताना जरा जपून हाक मारली, "नाना, तुम्ही दमत असाल ना हो?" मी म्हटले, मुळीच नाही.

आता आपला दिवस. जेवण झाल्यावर मी माझ्या खोलीत गेलो व झाकण तांबडे करून विश्रांतीस बसलो. आपण आलात. वॉचमनने आपणांस नाव विचारले, आपण सांगितलेत, "त्याची थोरली बहीण आलीय म्हणावं." त्याने फोन केला, सूनबाईने घेतला, ती म्हणाली, "हो, सांगते." त्यावर वॉचमनने आपणांस नियमाप्रमाणे "पोचले" म्हटले आणि आपण बाकावर बसलात. आपण दुसऱ्यांदा विचारले नाही, याचे वॉचमनला नवल वाटले. मला वाटले नाही. आपण आयुष्यात कोणतीही गोष्ट दोनदा सांगितलेली नाही. सूनबाई उठली, माझ्या दाराशी आली, तिने झाकण पाहिले. तांबडे. तिने नियम पाळला, निरोप जवळ ठेवला, कानांत ती गाणी ऐकण्याची बोंडे घातली आणि पडद्याकडे तोंड करून बसली. तिचा पडदा ज्या भिंतीला आहे, तिकडे तोंड केले की माझे दार पाठीमागे पडते.

पुढे झाकण हिरवे झाले. (केव्हा व का, ते खाली.) पण ते हिरवे झाल्याचे मधल्याला कळावे, अशी तरतूद मी केलीच नव्हती. झाकण तांबडे असता काय करावे हा नियम होता. हिरवे होताच कोणी कोणास जागे करावे हा नियम नव्हता. आपण खाली बसलेल्या, सूनबाई मध्ये बसलेली, मी आत बसलेला, आणि निरोप तिच्या डोक्यात बसलेला. ऊन बाकावरून भिंतीवर गेले तेव्हा आपण उठलात. वॉचमनने पाणी दिले, ते घेतलेत, आणि पिशवी उचलून चालू लागलात.

संध्याकाळी मी बाहेर आलो व विचारले, "माझ्यासाठी काही निरोप?" सूनबाई "अगं बाई, आत्या!" असे ओरडून अनवाणी खाली धावली. मीही गेलो, परंतु पायऱ्यांमुळे माझे पोचणे नंतर झाले. बाक रिकामा होता. वॉचमन म्हणाला, "मी तर पोचवलं होतं." सूनबाई म्हणाली, "मी ठेवून घेतलं होतं." मी म्हणालो, "मजपर्यंत काहीही आले नाही." मग सूनबाई हळूच म्हणाली, "नाना, तिघंही खरं बोलतोय." आणि वॉचमन, ज्याला कोणी विचारले नव्हते, म्हणाला, "चौथीपर्यंत शिकलात नाना, नियम तीनच कसे केलेत?"

त्यानंतर एक गोष्ट घडली, ती लिहिल्याने माझा कमीपणा होत नाही. सूनबाईच्या यंत्रांतही दोष नेमका हाच निघाला. मधला घंटा जपून ठेवी, पण आतल्याचे कान उघडले की मला उठवा, असे सांगून ठेवण्यास विसरे. तिने ते दुरुस्त केले, वरिष्ठांनी तिची वाखाणणी केली. म्हणजे आपले बसणे वाया गेले नाही. जगातील कित्येक नसलेली यंत्रे आज आपल्या त्या बाकामुळे सुरळीत चालली असतील, आणि त्या व्यवस्थेतील मूळ उणीव माझी होती, हेही अभिमानाने नमूद करतो.

येणेप्रमाणे खुलासा पूर्ण झाला. यात आपला अपमान करण्याचा हेतू कोणाचाही नव्हता. दोष रचनेचा होता, व्यक्तीचा नव्हता. कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. वरील मजकूर सूनबाईला वाचून दाखवला. तिचे म्हणणे असे की यंत्रांतील दोष तिला आपण येण्याच्या आदल्याच दिवशी सापडला होता, आणि तो तिने मला त्या सकाळी चहाच्या वेळी सांगितलाही होता, परंतु मी वर्तमानपत्र वाचत असल्याने हात वर करून तिला थांबवले होते. तेव्हा उपरोक्त अभिमान परत घेत आहे. आपले बसणे वाया गेले, असे वाचावे.

ता. क. दुसरा. "दोष व्यक्तीचा नव्हता" हे वाक्यही सूनबाईला पटलेले नाही. ती म्हणाली, "नाना, इस्त्रीच्या शर्टाचं लिहिलंत का?" लिहिले नव्हते. लिहितो.

मी झोपलो नव्हतो. माझी खिडकी रस्त्यावर आहे. तुला मी गाडीतून उतरताना पाहिले. आधी पिशवी, मग काठी, मग उजवा पाय, मग बराच वेळाने तू. गाडीवाल्याने हात पुढे केला, तो तू झिडकारलास, तेही पाहिले. मी लगेच इस्त्रीचा शर्ट घालावयास घेतला. बटणे लावताना फोन वाजलेला ऐकला. सूनबाई "हो, सांगते" म्हणाली, तेही ऐकले. (ऐकू स्वच्छ येते, हे मी आरंभी लिहिले आहे.) मग भांग पाडला, दार किलकिले करून झाकण हिरवे केले आणि खुर्चीवर दाराकडे तोंड करून वाट पाहत राहिलो.

तू विचारशील, गाढवा, उठून का आला नाहीस? उठता आले असते. वाट सूनबाईच्या खोलीतूनच होती. पण ताई, मी जन्मभर दुसऱ्यांच्या दालनात जाऊन "अमुक भेटावयास आले आहेत" असे सांगत आलो. माझ्याकडे येऊन असे कोणी कधी सांगितले नाही. कारण मला भेटावयास येणारा माझ्यासमोरच उभा असे, मी दारातच असे. त्या दिवशी मला वाटले, एकदा ऐकावे. कोणीतरी आत यावे आणि म्हणावे, "नाना, तुम्हांला भेटायला तुमची थोरली बहीण आली आहे." मग मी म्हणणार होतो, "त्यांना आत घेऊन या." एवढ्यासाठी मी बसून राहिलो, आणि तू खाली बसून राहिलीस, कारण तुलाही वाटले की बोलावणे आल्याशिवाय वर जाऊ नये. एका आईची दोन लेकरे, दुसरे काय.

संध्याकाळी खाली गेलो तेव्हा बाकावर तुझा रुमाल राहिला होता. तो धुऊन, घडी करून ठेवला आहे. टपालाने पाठवणार नाही.

ता. क. तिसरा. झाकण मी डब्यावर परत लावले आहे. बसत नाहीच. तू ये. येण्याचा दिवस मुलाला सांग किंवा सांगू नकोस. मी उद्यापासून रोज जेवण झाले की खाली त्याच बाकावर बसणार आहे. वॉचमनला तसे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बसा नाना, पण माझी खुर्ची मागू नका." मध्ये कोणी नसेल. घंटा वाजवावी लागणार नाही. आलीस की मीच उठेन, मीच तुला वर नेईन, आणि खोलीत गेल्यावर हवे तर मीच सांगेन की तू आली आहेस.

हा खुलासा, तिन्ही ता. क. धरून, खालील साक्षीदारांसमक्ष लिहून दिला:

पहिली साक्षीदार, सूनबाई. (सही केली, शर्टाचा मजकूर आल्याची खात्री करूनच.)

दुसरा साक्षीदार, वॉचमन. (सही केली, "मी फक्त पोचवलं, एवढ्यापुरतीच" असे तोंडी सांगून.)

तिसरी साक्षीदार, घटनेच्या वेळी अखेरपर्यंत खाली बाकावर प्रत्यक्ष हजर असलेली, लिहून देणाराची थोरली बहीण. हिची सही राहिली आहे. खुलासा तिच्या सहीवाचून पुरा धरला जाणार नाही. सही समक्ष येऊन करावी.